तेराव्यानंतरची वस्ती: नवी मुंबईतल्या एका आत्महत्येनंतरचं प्रकरण

पार्श्वभूमी

वस्ती नवी मुंबईतल्या एका जुन्या नोडमधली (सिडकोने आखलेल्या उपनगरातली) आहे. सिडकोने माथाडी कामगारांसाठी बांधलेल्या बैठ्या घरांवर हळूहळू मजले चढले आणि आज तिथल्या चार ओळींमध्ये दोनशेच्या आसपास कुटुंबं राहतात. बहुतेकांची मुळं सातारा आणि सांगलीकडच्या डोंगरी तालुक्यांत. बाप एपीएमसीच्या कांदा-बटाटा किंवा मसाला मार्केटात टोळीत, आई पोळ्यांची किंवा शिवणाची कामं करणारी, मुलं कॉलेजात. एक मंडळ आहे. गणपती, शिवजयंती आणि दहीहंडीचं गोविंदा पथक असा त्याचा वर्षाचा फेरा.

गेलेला मुलगा १९ वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. चार वर्षं पथकात दुसऱ्या थराला उभा राहायचा, संध्याकाळी बारक्या पोरांची क्रिकेटची टीम सांभाळायचा. जूनच्या शेवटच्या आठवड्यात आत्महत्येने त्याचा मृत्यू झाला. कसा आणि कुठे, हे इथे लिहिलेलं नाही. ज्याच्या मनात आधीच असे विचार आहेत त्याच्यासाठी पद्धतीचा तपशील सर्वांत घातक असतो, म्हणून वस्तीतही तो पसरू न देण्याचीच धडपड होती. ओळख पटू नये म्हणून कुटुंबाबद्दलचे आणि वस्तीबद्दलचे काही तपशील बदलले आहेत.

पुढचं काम मुख्यतः चौघांनी केलं. मंडळाचे अध्यक्ष, अंगणवाडीच्या ताई, तिथेच राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका (सगळी वस्ती त्यांना बाई म्हणते) आणि वस्तीत किशोरवयीन मुलींचा गट चालवणाऱ्या संस्थेच्या एक समुपदेशक. समुपदेशक घटनेनंतर बोलावून आणलेल्या नव्हत्या, दोन वर्षं दर बुधवारी येत होत्या. पुढचं बरंच काही त्यामुळेच शक्य झालं. दुःखात अनोळखी माणसाला दार उघडलं जात नाही.

पहिला दिवस

मुलाला शेजाऱ्यांनी नाक्यावरच्या रिक्षाने रुग्णालयात नेलं, तिथे डॉक्टरांनी मृत घोषित केलं. त्यानंतर सगळं ठरलेल्या वाटेने गेलं: पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे दोन पंचांसमोर पंचनामा झाला, मग शवविच्छेदन. या कामात मंडळ तरबेज आहे. अँब्युलन्स, पोलिसांचं पत्र, गावाकडे फोन, सरणाची व्यवस्था, कुणाला काही सांगावं लागलं नाही. रात्री नऊला गाडी साताऱ्याकडे निघाली आणि मागोमाग दोन ट्रॅक्स गाड्यांमधून पंचवीसेक माणसं.

कागदांच्या बाबतीत दोन गोष्टी कुणीच घरच्यांना सांगितल्या नव्हत्या. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, जिथे अंत्यसंस्कार होतात तिथे नाही. वडील गावच्या ग्रामपंचायतीत दोनदा जाऊन रिकाम्या हाताने परतले. नोंदीची मुदत २१ दिवसांची असते. ती नवी मुंबई महापालिकेत अठराव्या दिवशी झाली, तीही अध्यक्षांनी धावपळ केली म्हणून. दुसरी गोष्ट मुलाच्या मोबाइलची. चौकशीसाठी पोलिसांनी ताब्यात घेतलेला फोन लवकर परत मिळत नाही. आई रोज विचारायची, त्यातले फोटो तेवढे द्या म्हणायची. फोन कुठे आहे, साधारण कधी मिळेल आणि त्यासाठी कोणाकडे अर्ज करायचा, हे पहिल्याच दिवशी एका माणसाने शांतपणे सांगितलं असतं तर तिच्या चकरा वाचल्या असत्या.

खरी अडचण

गावाने दुःख उचलून नेलं. मुलाचं अंत्यदर्शन, खांदा, राख सावडणं, दहावा, सगळं तिकडे झालं. इकडे पथकातली साठ-सत्तर पोरं, क्रिकेटवाली लहान मुलं, कॉलेजचे मित्र यांच्या वाट्याला काहीच आलं नाही. ज्यांना ट्रॅक्समध्ये जागा मिळाली नाही ती रात्रभर नाक्यावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जवळपास प्रत्येक पोराच्या स्टेटसवर त्याचा फोटो होता, मागे दर्दभरं गाणं, आणि दोघांनी लिहिलं होतं, ‘भावा, येतोच मी पण’.

वाचणाऱ्याला ही पोरकट भाषा वाटू शकते. समुपदेशकांनी ती तशी घेतली नाही. आत्महत्येने एखादा जातो तेव्हा त्याच्या वयाच्या, त्याच्यासारख्या आयुष्याच्या तरुणांमध्ये धोका काही काळ वाढतो, आणि तो नेहमी सर्वांत जास्त रडणाऱ्यात असतो असं नाही. अमेरिकेत ज्युली सेरेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या एका पाहणीत एका आत्महत्येची झळ सुमारे १३५ जणांपर्यंत पोचते असं दिसलं. आपल्याकडच्या वस्तीत, जिथे भिंतीला भिंत लागून घर आहे आणि गावही तेच आहे, तिथे हा आकडा कमी असण्याचं कारण नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रात, सर्व राज्यांत जास्त. मागे राहिलेल्यांची गणती कोणी करत नाही.

पहिला निर्णय: काय सांगायचं

गाडी निघायच्या आधीच वडिलांनी अध्यक्षांना सांगितलं होतं, ‘अ‍ॅक्सिडेंट झाला म्हणा.’ व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर तोवर तीन वेगवेगळ्या कहाण्या फिरत होत्या. एकीत केटी लागली (विषय राहिला) म्हणून, दुसरीत मुलीचं प्रकरण, तिसरीत बापाने हात उचलला म्हणून.

चौघांसमोर तीन वाटा होत्या. काहीच न बोलणं ही सगळ्यात सोपी, पण रिकाम्या जागेत अफवाच भरते. बापाच्या म्हणण्याप्रमाणे अपघात सांगणं ही दुसरी. त्यात अडचण अशी की पोरांना खरं आधीच ठाऊक होतं, मोठी माणसं तोंडावर खोटं बोलतात हे दिसलं की मदत मागायलाही ती त्यांच्याकडे येणार नाहीत. तिसरी, खरं सरळ सांगणं. पण ते घरच्यांच्या संमतीशिवाय करायचं नाही यावर चौघांचं एकमत होतं.

शेवटी निघालेला मजकूर खोटाही नव्हता आणि उघडाही नव्हता. बाईंनी वहीच्या पानावर लिहिला, थोरल्या बहिणीला फोनवर वाचून दाखवला, तिने एक शब्द बदलला आणि मग तो ग्रुपवर गेला:

‘आपल्या वस्तीतला आपला मुलगा काल अचानक गेला. अंत्यसंस्कार गावी होत आहेत. कारणाबद्दल घरच्यांना सध्या बोलायचं नाही, आपण त्याचा मान ठेवू. फोटो, व्हिडिओ, ऐकीव गोष्टी पुढे पाठवू नका. ज्यांना झोप लागत नाही, खूप अपराधी वाटतंय किंवा स्वतःला काही करून घ्यावं असे विचार येत आहेत त्यांनी एकटं बसू नये. आज संध्याकाळी ५ ते ९ अंगणवाडीत ताई आणि बाई आहेत. रात्री-अपरात्री टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चालू असतो, मराठीत बोलता येतं.’

हा मजकूर यायला घटनेनंतर एकवीस तास गेले. उशीर शब्द शोधण्यात झाला नव्हता. पाठवायचं कोणी, हे ठरत नव्हतं. अध्यक्ष गावी, सेक्रेटरी म्हणाले माझं काम नाही, नगरसेवकाच्या माणसाला वाटलं आपण पाठवावं. मसुदा आधीच तयार असता आणि पाठवणाऱ्याचं नाव ठरलेलं असतं तर हे काम दीड-दोन तासांत उरकलं असतं.

आठव्या दिवशी बहिणीने स्वतःहून सांगितलं, ‘आता लपवण्यात अर्थ नाही, म्हणा आत्महत्या.’ त्यानंतर चौघं समोर विचारणाऱ्याला तोच शब्द वापरून सांगत. सोबत एकच वाक्य ठरलेलं होतं: ‘असं एका कारणाने होत नाही, बऱ्याच गोष्टी साठलेल्या असतात आणि त्यातल्या काही कुणालाच दिसत नाहीत.’ हे वाक्य बापासाठी होतं. केटीवरून तो दोन दिवस आधी ओरडला होता हे सगळ्यांनी ऐकलं होतं.

बॅनरचा प्रश्न

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरांनी फ्लेक्सवाल्याकडे ऑर्डर दिली. दहा फूट बाय आठ फूट, गॉगल घातलेला फोटो, मागे ढग आणि वर ‘आमचा वाघ’. नाक्यावर लावायचा.

आत्महत्येनंतरच्या कामाबद्दलची बहुतेक मार्गदर्शक टिपणं सांगतात की भव्य स्मारकं टाळा, मृत्यूला वीरतेचं रूप देऊ नका. ते बरोबर आहे. पण इथे मंडळाची रीत अशी की वस्तीतल्या प्रत्येक मयताचा बॅनर लागतो. मार्चमध्ये एका काकांचा लागला होता. याचा लावायचाच नाही म्हटलं तर घरच्यांना त्याचा अर्थ स्वच्छ कळतो, की आमच्या मुलाचं मरण लाजेचं.

नियम पुढे आला तो अंगणवाडीच्या ताईंकडून: काकांचा जेवढा होता तेवढाच, तिथेच, तेवढेच दिवस. साधा कॉलेजच्या आयकार्डाचा फोटो, नाव, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. घोषवाक्य नाही, ढग नाहीत. तेराव्याला संध्याकाळी उतरवायचा, आणि उतरवणारे दोघे कोण ते आधीच ठरवायचं. पोरं चिडली. अध्यक्षांनी फ्लेक्सवाल्याला परस्पर फोन करून ऑर्डर बदलली असती तर काम पटकन झालं असतं. त्याऐवजी त्यांनी पथकातल्या तिघांना बसवून कारण सांगितलं: सातवीतली पोरं रोज त्या नाक्यावरून शाळेत जातात, मेल्यावर एवढा मोठा फोटो लागतो हे त्यांनी त्यातून घेऊ नये. तिघांनी मग बाकीच्यांना समजावलं. (बॅनरला महापालिकेची परवानगी लागते, ती मार्चमध्येही नव्हती आणि आताही नव्हती. त्यावर कोणी बोललं नाही.)

यादी

चौथ्या दिवशी बाईंनी आडवी वही घेतली आणि तीन रकाने आखले. पहिल्यात त्याच्या जवळचे, दुसऱ्यात ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं किंवा हात लावला ते, तिसऱ्यात जे आधीपासूनच काठावर आहेत: ज्याचं कुणी अलीकडे गेलंय, जो दारूत आहे, ज्याने पूर्वी प्रयत्न केलाय, ज्याचं घर मोडतंय, नापास झालेला, नोकरी गेलेला. ज्याचं नाव दोन रकान्यांत येतं त्याला आधी भेटायचं.

पहिल्या बैठकीत एकतीस नावं आली आणि सगळी अपेक्षित होती. मग समुपदेशकांनी दुसऱ्या फेरीसाठी प्रश्न बदलले. त्याच्याशी शेवटचं भांडण कुणाचं झालं? त्याचा शेवटचा फोन कुणाला होता, आणि तो उचलला गेला नाही असं कोण आहे? तो कुणाकडून उधारीवर चहा प्यायचा? तो कुणाला शिकवायचा? ज्याला त्याच्याबद्दल उघड रडता येणार नाही असं कोण? या प्रश्नांवर आणखी चौदा नावं निघाली. त्यात पथकातला एक मुलगा होता ज्याच्याशी सरावाच्या वेळेवरून आदल्या रविवारी बाचाबाची झाली होती, आणि शेजारच्या ओळीतली एक मुलगी होती जिचं त्याच्याशी काही होतं हे तिच्या मैत्रिणीशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या घरी कोणी गेलं असतं तर बोभाटा झाला असता. तिला समुपदेशक बुधवारच्या गटातच भेटल्या, नेहमीसारख्या.

तरी रिक्षावाला सुटला. मुलाला रुग्णालयात नेणारा तो. नाक्यावर उभा राहणारा, वस्तीत न राहणारा, नाव कुणालाच माहीत नाही. वस्तीच्या लोकांनी यादी केली की ती वस्तीच्या हद्दीवर थांबते. सहाव्या आठवड्यात चहावाल्याने सहज सांगितलं की तो आता या नाक्यावर उभाच राहत नाही, दोनदा सीट धुऊनही ग्राहकांना मागे बसवायला त्याला कसंतरी होतं. अध्यक्ष त्याला शोधून भेटले. त्याला झोप नव्हती, भाडं निम्म्यावर आलं होतं आणि त्या दिवशी आपण सिग्नलला थांबलो म्हणून उशीर झाला, असं त्याने स्वतःला पटवून दिलं होतं. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते त्याला कुणी कळवलंच नव्हतं. पोचेपर्यंत उशीर झालेलाच होता, सिग्नलमुळे काही बदललं नसतं, ही एक गोष्ट त्याला पहिल्या आठवड्यात कळायला हवी होती.

गट कसे बसले

शोकसभेचा आग्रह होता, माइक आणि स्थानिक पुढाऱ्यांसह. ती टाळली गेली. त्याऐवजी पाचव्या ते आठव्या दिवसात अंगणवाडीत आठ-दहा जणांचे छोटे गट बसले, प्रत्येकी पाऊण तास. येणं ऐच्छिक. सगळ्यांना एकत्र बसवून ‘त्या दिवशी काय पाहिलंस ते सविस्तर सांग’ अशी एका बैठकीतली उकरणी केलेली नाही. पूर्वी आपत्तीनंतर ती पद्धत सर्रास वापरली जायची. तिचा उपयोग होत नाही, काहींना त्रासच होतो असं दिसल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने ती न वापरण्याचा सल्ला दिला आहे. त्याजागी मानसिक प्रथमोपचाराची साधी चौकट घेतली: बघा, ऐका, मदतीशी जोडा.

प्रत्येक गटात एक गोष्ट आधी सांगितली गेली. राग येणं, सुटल्यासारखं वाटणं, काहीच न वाटणं, हसू येणं, यातलं काहीही होऊ शकतं. एका मुलाने विचारलं, ‘मला त्याचा इतका राग येतोय की शिवी निघते, हे पाप आहे का?’ गटातल्या निम्म्या पोरांनी मान वर केली.

लहान मुलांसाठी वेगळं. क्रिकेटवाल्या नऊ ते बारा वर्षांच्या पोरांना त्यांच्या आयांसमोर सांगितलं: दादा खूप आजारी माणसासारखा त्रासात होता, त्याच्या मनाला त्रास होता, तो मेला आणि तो परत येणार नाही, आणि यात तुमची कुणाची चूक नाही. ‘देवाघरी गेला’, ‘झोपला’ असं म्हटलं नाही. एका आईला हे फार कठोर वाटलं. तिच्याच मुलाने घरी जाऊन विचारलं, ‘मी त्या दिवशी दादाला बॅट परत दिली नाही म्हणून?’ तेव्हा तिला कळलं की मुलं गप्प असतात म्हणजे विचार करत नाहीत असं नाही.

सरळ प्रश्न

यादीतल्या प्रत्येकाला भेटणाऱ्यांसाठी बाईंच्या घरी दोन तासांची एक बैठक झाली. त्यात सगळ्यात जास्त वेळ एका वाक्यावर गेला: ‘तुझ्या मनात मरण्याचे, जीव देण्याचे विचार येतात का?’ हे तोंडातून निघतच नव्हतं. ‘तू तसलं काही करणार नाहीस ना?’ असं सगळे विचारत होते. त्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच मिळतं, कारण विचारणाऱ्याला तेच हवं आहे हे ऐकणाऱ्याला कळतं. विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार येत नाही. असेल तर बोलायला वाट मिळते. दोघा-दोघांच्या जोड्या करून प्रत्येकाकडून ते वाक्य दहा वेळा म्हणवून घेतलं.

उत्तर ‘हो’ आलं तर काय, हेही ठरलेलं होतं. त्याला एकटं सोडायचं नाही. विचार आहेत की ठरवलेलं आहे हे विचारायचं. गुप्ततेचं वचन द्यायचं नाही, घरातल्या कोणाला सांगितलेलं चालेल हे त्यालाच विचारायचं. धोका वाटेल अशा वस्तू घरातल्या मोठ्यांनी नजरेआड, कुलपात ठेवायच्या. ठरवलेलं आहे किंवा हाताशी साधन आहे असं कळलं तर ११२, किंवा थेट जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात, सोबत माणूस देऊन. बाकीच्यांसाठी टेलि-मानस आणि महापालिकेच्या रुग्णालयातली मानसोपचार ओपीडी.

दोघांनी ‘हो’ म्हटलं. स्टेटसवर ‘येतोच’ लिहिणारे ते नव्हते. एक बाचाबाचीवाला मुलगा. दुसरा बावीस वर्षांचा, पहिल्या बैठकीत कुणी नावही न घेतलेला, दोन वर्षांपूर्वी ज्याचे वडील गेले होते तो. दोघांनाही ओपीडीपर्यंत पोचवलं. बाचाबाचीवाल्याला त्याचा मामा घेऊन गेला, कारण बापाला सांगायला तो तयार नव्हता. केसपेपर काढताना खिडकीवर मोठ्याने ‘काय त्रास?’ विचारलं की पोरं मागे फिरतात हे माहीत असल्याने, सोबतच्याने चिठ्ठीवर विभागाचं नाव लिहून ती पुढे करायची, एवढी बारीक तयारी होती. प्रयत्न केला तर पोलीस केस होईल ही भीती दोन्ही घरांत होती. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७च्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं आणि त्याला उपचार देणं सरकारचं कर्तव्य ठरतं. हे सांगितल्यावर एका आईने पहिल्यांदा खुर्चीत पाठ टेकली.

बातमी

तिसऱ्या दिवशी एका स्थानिक यूट्यूब चॅनेलने गल्लीचा व्हिडिओ टाकला, दारावरच्या नावासकट, आणि मथळ्यात एकच कारण ठोकून दिलं. प्रेस कौन्सिलने २०१९मध्ये स्वीकारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत पद्धत, जागा, फोटो, चटपटीत मथळे टाळायला सांगितलं आहे, पण अशा चॅनेलवर ती कोण लागू करणार? पोरांनी खाली शिव्या लिहायला सुरुवात केली, त्याने व्हिडिओ आणखी पसरला. बाईंनी पोरांना थांबवलं आणि स्वतः फोन केला. मागणी तीनच गोष्टींची: दारावरचं नाव झाका, मथळ्यातलं कारण काढा, शेवटी मदतीचा नंबर टाका. दुसऱ्या फोनला व्हिडिओच काढला गेला. भांडून निघाला असता असं वाटत नाही.

दहीहंडी

सराव गुरुपौर्णिमेपासून सुरू होतो. त्याच्या मृत्यूला जेमतेम पंधरवडा झाला होता. पथकात तीन तट पडले: यंदा बंद, त्याच्या फोटोचे टी-शर्ट घालून प्रत्येक हंडीला त्याच्या नावाची सलामी, किंवा काही न बोलता नेहमीसारखं.

बंद केलं असतं तर पोरांना रोज संध्याकाळी एकत्र बांधून ठेवणारी एकमेव गोष्ट गेली असती. टी-शर्ट आणि सलामीत बॅनरचाच धोका होता, तोही हजारो लोकांसमोर आणि कॅमेऱ्यावर. पण तिसऱ्या वाटेतही एक उघड धोका होता, आणि तो प्रशिक्षकाने पहिल्यांदा बोलून दाखवला: झोप न झालेला, लक्ष नसलेला पोरगा थरात उभा राहिला तर वरचे पाच जण खाली येतात.

ठरलं ते असं. पथक उतरेल, पण नेहमीपेक्षा एक थर कमी लावेल. सरावाआधी प्रशिक्षक प्रत्येकाला झोप विचारेल आणि पाच तासांपेक्षा कमी झोपलेला त्या दिवशी दोरीला, थरात नाही. प्यायलेला दिसला तर घरी. फोटोचे टी-शर्ट नाहीत.

एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. पहिल्या सरावाला दुसरा थर चढताना सगळे थांबले. त्याची जागा रिकामी होती आणि तिथे पाय ठेवायला कोणी तयार नव्हतं. एकाने ठेवला आणि खाली उतरून रडत गेला. प्रशिक्षकाने तो दिवस सराव बंद केला. दुसऱ्या दिवशी येताना त्याने सबंध रचना नव्याने मांडून आणली होती: पायातली माणसं बदलली, दुसऱ्या थरात पाचाऐवजी चार, उंचीप्रमाणे सगळ्यांच्याच जागा हलवल्या. ‘त्याची जागा’ अशी कुठे राहिलीच नाही. कोणत्याही मार्गदर्शिकेत हे सापडणार नाही, पण या सबंध प्रकरणातला सर्वांत नेमका निर्णय हाच होता असं म्हणावं लागेल.

घर

आई-वडील तेराव्यानंतर परतले. वडील सोळाव्या दिवशी मार्केटात गेले. गटात ते कधी आले नाहीत, समुपदेशकांशी बोलले नाहीत. त्यांच्याशी बोलला तो टोळीचा मुकादम, गाडी खाली होण्याची वाट बघताना, पोत्यावर बसून. मुकादमाला बाईंनी आधी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: ‘का केलं’ विचारू नका, आणि मुलाचं नाव घ्यायला घाबरू नका.

आईची अडचण वेगळी होती. भाजीवाल्यापाशी बायका तिला पाहून गप्प व्हायच्या किंवा वाट बदलायच्या. वाईट हेतूने नव्हे, काय बोलावं ते कळत नव्हतं म्हणून. ताईंनी पाच बायकांची पाळी लावली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी एकीने जायचं, हातात काहीतरी काम घेऊन: पालक निवडायला, शेवया वळायला. गप्प बसलं तरी चालेल. पहिले तीन आठवडे हे नीट चाललं, मग श्रावण लागला, उपास, सण, आणि पाळी दोघींवर आली.

म्हणून वहीच्या मागच्या पानावर तारखा मांडल्या गेल्या: त्याचा वाढदिवस, दहीहंडी, पितृपक्ष, सेमिस्टरचा निकाल, भाऊबीज, वर्षश्राद्ध. प्रत्येक तारखेसमोर एका माणसाचं नाव. भाऊबीजेला बहिणीकडे कोण जाईल यावर बराच वेळ गेला. कुणी भाऊ म्हणून ओवाळून घ्यायला जायचं की नाही? बहिणीलाच विचारलं. ती म्हणाली, ‘ओवाळून घ्यायला नको, जेवायला या.’

काय साधलं, काय राहिलं

वर्षभरात वस्तीत दुसरी आत्महत्या झाली नाही. ते या कामामुळे झालं असा दावा करता येत नाही. एका वस्तीवरून तसं काही सिद्ध होत नसतं. ओपीडीला गेलेल्या दोघांपैकी बाचाबाचीवाला अजून जातो, बावीस वर्षांच्या मुलाने तिसऱ्या भेटीनंतर जाणं सोडलं, पण सरावाला येतो आणि प्रशिक्षक त्याला आठवड्यातून एकदा सरळ प्रश्न विचारतो. आईला सहाव्या-सातव्या महिन्यानंतरही घराबाहेर पडवेना, मुलाच्या खोलीत कुणाला जाऊ देईना. शोक इतका काळ तेवढ्याच तीव्रतेने अडकून राहिला तर त्याला वेगळ्या उपचाराची गरज असू शकते. दीर्घ शोक ही आता आंतरराष्ट्रीय आजार-वर्गीकरणात नोंदलेली अवस्था आहे आणि तिथे सहा महिन्यांचं बंधन धरलं जातं. आईला डॉक्टरकडे नेण्याचा विषय आठव्या महिन्यात निघाला. सहाव्यात निघायला हवा होता, पण तोवर वही उघडणं थांबलं होतं.

कॉलेजशी संपर्क जवळजवळ झालाच नाही. तिथल्या मित्रांपर्यंत वस्तीतून कोणी पोचलं नाही आणि कॉलेजकडूनही फोन आला नाही. ही मोठी फट होती.

पुढच्या वेळेसाठी केलेली तयारी

पुढच्या जूनमध्ये मंडळाची नवी कार्यकारिणी बसली तेव्हा एक पान लिहून लॅमिनेट केलं. एक मंडळाच्या कपाटात, एक अंगणवाडीत, एक बाईंकडे. त्यावर पहिल्या संदेशाचा मसुदा रिकाम्या जागांसह आहे आणि तो पाठवणाऱ्या दोघांची नावं आहेत, कारण एक गावी असू शकतो. पोलीस, शवविच्छेदन, मृत्युनोंद यांच्या पायऱ्या आणि ‘नोंद महापालिकेत, २१ दिवसांत’ हे ठळक अक्षरात. यादीचे तीन रकाने आणि दुसऱ्या फेरीचे पाच प्रश्न. बॅनरचा नियम. १४४१६ आणि ११२. ओपीडीचे वार. शेवटी तारखांचा तक्ता, ज्यात सहाव्या महिन्याची भेट सक्तीची आहे.

दुसऱ्या रकान्याखाली नंतर हाताने एक ओळ घातली आहे: रिक्षा, अँब्युलन्स, दूधवाला, कचऱ्याची गाडी. नाक्यावरच्या रिक्षावाल्यांमधल्या एकाचा नंबर तिथे आहे. कॉलेजांसाठीची ओळ अजून कोरी आहे. वस्तीतली मुलं आठ-नऊ कॉलेजांत जातात आणि त्यातल्या दोनच ठिकाणी फोन उचलणारा समुपदेशक सापडला आहे.